छोटा हॉल गुलाबी-राखाडी रंगात कसा सजवावा? शेड, प्रमाण आणि प्रकाश यांचं गणित

मोबाइलवर राखाडी भिंत आणि गुलाबी सोफा असलेल्या हॉलचा फोटो पाहिला की वाटतं, आपलाही हॉल असाच करून घ्यावा. पेंटर येतो, दोन-तीन दिवसांत भिंती राखाडी होतात. सामान जागेवर लावल्यावर मात्र लक्षात येतं, की फोटोतला राखाडी वेगळा आणि आपल्या घरातला वेगळा! हॉल आक्रसल्यासारखा वाटतो आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो. पुन्हा रंग काढायचा म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च.

यात दोष रंगांचा नसतो. फोटोतल्या खोलीला बहुतेक वेळा मोठ्या खिडक्या असतात. आपला हॉल असतो 10 बाय 12 फुटांचा, एका खिडकीचा, आणि समोर शेजारची इमारत. म्हणून शेड निवडण्याआधी आपल्या हॉलमधला प्रकाश ओळखणं गरजेचं आहे.

ही जोडी जमते कशी?

राखाडी हा शांत, तटस्थ रंग. एकटा वापरला तर खोली थंड आणि उदास वाटू शकते. गुलाबी म्हणजे पांढऱ्यात मिसळलेला लाल, त्यामुळे त्यात ऊब असते. पण सगळीकडे गुलाबी केलं तर डोळ्यांना जड होतं. राखाडी गुलाबीला आवरतो आणि गुलाबी राखाडीला ऊब देतो.

राखाडी नेमका कोणता?

पेंटच्या दुकानातला राखाडी क्वचितच शुद्ध राखाडी असतो. त्यात निळा, हिरवा, जांभळा किंवा तपकिरी अशी एखादी छुपी छटा असते. शेड कार्डवरचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा, ही छटा पटकन कळते.

इथे फरशी महत्त्वाची ठरते. आपल्याकडे अनेक फ्लॅटमध्ये हस्तिदंती किंवा क्रीम रंगाच्या टाइल्स असतात. त्यांच्यावर निळसर राखाडी भिंत आली की फरशी पिवळट, जुनाट दिसू लागते. अशा घरात किंचित तपकिरी झाक असलेला राखाडी घ्यावा. सागवानी देव्हारा किंवा लाकडी शोकेस असेल तरी हीच छटा शोभते. फरशी पांढरी किंवा काळसर असेल तर निळसर राखाडी चालतो.

शेजारचा रंग डोळ्यांना फसवतो

मिशेल शेव्हरूल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोबलँ या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या धाग्याचा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं, तर धागा नीट रंगवलेला होता. शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. या विषयावरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या हॉलमध्येही हेच घडतं. गडद गुलाबीच्या शेजारी राखाडी किंचित हिरवट भासतो. त्यामुळे राखाडीत आधीच हिरवी झाक असेल, तर गुलाबी पडदे लावल्यावर भिंत शेवाळल्यासारखी दिसू शकते. दोन्ही रंगांचे नमुने शेजारी-शेजारी ठेवूनच निर्णय घ्या.

खिडकी कोणत्या दिशेला आहे?

- उत्तर: थेट ऊन जवळपास येत नाही, प्रकाश थोडा निळसर असतो. राखाडी अधिक थंड दिसतो. फिकट, उबदार राखाडी आणि पीचकडे झुकणारा गुलाबी घ्या.
- पूर्व: सकाळी छान, दुपारनंतर मंद. संध्याकाळच्या दिव्यांत शेड नक्की पाहा.
- पश्चिम: संध्याकाळच्या सोनेरी उन्हात गुलाबी जास्त नारिंगी दिसतो. धुरकट, संयत गुलाबी बरा.
- दक्षिण: भरपूर प्रकाश असेल तर थोडा गडद राखाडीही पेलतो.

खिडकीसमोर दुसरी इमारत असेल तर तिच्या भिंतीचा रंगही परावर्तित होऊन आत येतो, हे लक्षात ठेवा.

शेडच्या माहितीत अनेकदा ‘एलआरव्ही’ हा आकडा असतो. तो रंग किती प्रकाश परत फेकतो, हे त्यावरून कळतं: काळ्यासाठी 0, तर पांढऱ्यासाठी 100. कमी प्रकाशाच्या छोट्या हॉलमध्ये भिंतींसाठी 60 किंवा त्याहून जास्त आकड्याची शेड निवडावी.

दिवे विसरू नका

नोकरदार घरात हॉल जास्त वापरला जातो तो संध्याकाळी. 6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीत राखाडी निळसर आणि गुलाबी निस्तेज दिसतो. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात गुलाबी खुलतो. वाचन किंवा मुलांचा अभ्यासही हॉलमध्येच होत असेल तर 4000 केल्विन हा मधला मार्ग. हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो.

60-30-10 चं प्रमाण

हा सजावटीतला जुना ठोकताळा छोट्या हॉलला असा लावता येतो:

1. 60 टक्के: भिंती आणि मोठे पडदे – फिकट राखाडी. छत पांढरंच ठेवा.
2. 30 टक्के: सोफा किंवा दिवाणाची चादर, गालिचा – मध्यम राखाडी किंवा धुरकट गुलाबी.
3. 10 टक्के: उशांचे अभ्रे, फ्रेम, फुलदाणी – उठावदार गुलाबी. राणी कलरची हौस इथे भागवा.

एकच भिंत गुलाबी करायची असेल तर खिडकीतला प्रकाश जिच्यावर पडतो ती निवडा. 10 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे 95 चौरस फूट. किती रंग लागेल, हे डब्यावर दिलेल्या आकड्यावरून काढता येतं.

भाड्याचं घर असेल तर भिंतींना हात न लावता पडदे, अभ्रे आणि गालिचा यांतूनच हे प्रमाण साधा. गुलाबी कापड उन्हात विटतं, म्हणून खिडकीला राखाडी पडदा आणि आतल्या बाजूला गुलाबी वस्तू ठेवा.

रंग काढण्याआधी हे करा

- भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. राखाडीवर क्षारांचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात.
- दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात रंग देऊन पूर्ण वाळू द्या. ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही.
- पुठ्ठ्याच्या कडेला पांढरी पट्टी सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग नजरेला फसवणार नाही.
- पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहा. शक्य असेल तर ढगाळ दिवशीही पाहा. पावसाळ्यात तुम्हाला तीच भिंत दिसणार आहे.

गुलाबी रंगाने मन शांत होतं का?

1979 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल इथल्या नौदलाच्या तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवून प्रयोग झाला आणि कैदी शांत होतात, असा दावा करण्यात आला. नंतरच्या संशोधनात त्याला ठोस दुजोरा मिळाला नाही. तेव्हा गुलाबी निवडा तो आवडतो म्हणून.

फोटोतली शेड आवडली तर तिचं नाव जरूर टिपून ठेवा. पण पेंटरला होकार द्या तो पुठ्ठा दोन-तीन दिवस आपल्या भिंतीवर पाहिल्यानंतरच. एका छोट्या डब्याच्या खर्चात संपूर्ण हॉल पुन्हा रंगवण्याची वेळ टळू शकते.