खेळातले सोने आणि खामगावचे सोने

संगणकावरील अद्भुत कथांच्या खेळांत सोने मिळवणे सोपे असते. राक्षस मारला की मोहरा पडतात, गुहेतील पेटी उघडली की मोहरा निघतात. गावात परतावे, लुटीतल्या तलवारी दुकानदारास विकाव्यात आणि आलेल्या पैशांतून नवे चिलखत घेऊन पुन्हा गुहेकडे निघावे. मिळकत आणि खर्च यांचे हे चक्र खेळाडूस तासन्‌तास बांधून ठेवते. बुलढाणा जिल्ह्यात शिकवताना कापूस पिकवणाऱ्या घरांतील मुले या चक्रात रमलेली मी पाहिली आहेत. शेतात ‘पांढरे सोने’ वेचणाऱ्या या मुलांना पडद्यावरच्या पिवळ्या सोन्याची ओढ का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर मला आधी मानसशास्त्रात शोधावेसे वाटले. पुढे ते इतिहासात अधिक सापडले.

प्रथम खेळांचाच इतिहास पाहू. 1997 साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हजारो खेळाडू एकाच काल्पनिक राज्यात वावरत. रचनाकारांनी आरंभी त्या जगातील एकूण संपत्ती मर्यादित ठेवण्याचे योजले होते. परंतु खेळाडूंनी वस्तूंचे साठे केले, त्यामुळे नवी निर्मिती खुंटली आणि ती योजना सोडून द्यावी लागली. उलट टोकाचा अनुभव 2000 सालच्या ‘डायब्लो 2’मध्ये आला. तेथे सोने इतके उदंड झाले की आपसांतील देवघेवीत ते कोणी मोजेना. ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची एक अंगठीच चलन म्हणून वापरात आली. म्हणूनच 2004 सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळांत शस्त्रांची दुरुस्ती, लिलावावरील दलाली अशा अनेक वाटांनी सोने मुद्दाम नाहीसे केले जाते. सोने येते कोठून याइतकेच ते जाते कोठे, हेही कोणीतरी ठरवावे लागते, हा या अनुभवांचा निष्कर्ष म्हणता येईल.

आता खामगावकडे वळू. 1853 च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कपाशीला अकल्पित भाव आला. कास्तकाराने कोणताही राक्षस मारला नव्हता. तरीही मोहरा पडू लागल्या होत्या. मध्य भारतातील त्या तेजीविषयी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सांगितल्या जातात. त्यांत अतिशयोक्ती असेलही, परंतु आलेल्या पैशाचे करायचे काय हे न उमगलेल्या समाजाचे चित्र त्यांत खरे उतरले आहे.

1865 साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत सट्ट्यावर उभ्या राहिलेल्या कंपन्या बुडाल्या. खेड्यापाड्यांत तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे तेवढी मागे उरली. व्यवस्था मात्र कापसाभोवती अधिकच घट्ट होत गेली. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणारा लोहमार्ग 1867 पर्यंत नागपूरला पोचला. 1870 साली जळंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुला झाला. त्याच वर्षी मुंबई आणि इंग्लंड समुद्रतळाच्या तारेने जोडले गेले. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या बाजारात लवकर कळू लागला. पण भाव कळणे वेगळे आणि तो ठरवणे वेगळे. 1899-1900 च्या दुष्काळात या भेदाची किंमत वऱ्हाडाने मोजली. कापूस खाता येत नाही, आणि रेल्वेने आलेले धान्य घेण्यास ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्या दृष्टीने ते न आल्यासारखेच.

खेळातील दुकानदार तलवारीला कमीच पैसे देतो. परंतु तो भाव ठरलेला असतो, आणि त्याची थैली कधी रिती होत नाही. वऱ्हाडच्या इतिहासात असा दुकानदार शोधण्याचे दोन प्रयत्न झाले. 1897 च्या कायद्याने कापूस व धान्य यांच्या बाजारांना नियम घालून दिले. तेथे व्यवहाराला शिस्त आली, भावाला आली नाही. पुढे 1972 साली महाराष्ट्र शासनाने एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. जाहीर भावाने, येईल तेवढा कापूस घेणारा एकच खरेदीदार! खेळातल्या दुकानदाराच्या इतकी जवळ जाणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे झाली नसावी. मात्र शासनाची थैली रिती होत असे. चुकारे रखडत, तोटा साचत गेला, आणि या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तो एकाधिकार संपला.

एकदा एका विद्यार्थ्याला मी जरा चिडूनच विचारले, “या खोट्या सोन्यासाठी रात्री का जाळतोस?” तो शांतपणे म्हणाला, “सर, तिथं केलेली मेहनत वाया जात नाही.” त्याच्या घरची आईची पोत दरवर्षी पेरणीच्या तोंडावर गहाण पडते आणि कापूस विकला गेल्यावर सुटते, कधी सुटतही नाही. त्याच्या घरातील खरे सोने असे सावकाराकडे ये-जा करते. पडद्यावरचे सोने खोटे, पण त्याचा नियम खरा. त्याच्या घरी नेमके याच्या उलट आहे.

हा खेळ म्हणजे पळवाट, असे आपण प्राध्यापक मंडळी सहज म्हणून जातो. माझेही मत तेच होते. आता वाटते की ही मुले तेथे एक गोष्ट शिकतात, जी आम्ही वर्गात क्वचितच शिकवतो. खेळातले सोने कवडीमोल झाले तेव्हा रचनाकारांनी खेळाडूंच्या आळसाला दोष दिला नाही. त्यांनी नियम बदलले. बाजाराचे नियम माणसेच लिहितात. खामगावच्या कापसाचे नियम कोणी, कोठे आणि कोणासाठी लिहिले, हे त्या मुलाला त्याच्याच जिल्ह्याच्या इतिहासातून दाखवून देणे, एवढे तरी आमच्याकडून व्हावे.