अहिल्यानगरची साखर : पैसा सरकारचा, वाटा कोणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्याची साखर म्हटली की सहकार आठवतो. पण ही भरभराट सरकारच्या पाठबळाशिवाय झालेली नाही, आणि संकटातही सरकारी निर्णयांचा हात असतो.

भरभराट कशी आली?
जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेचा. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारचे भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला परदेशी साखरेपासून संरक्षण दिले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. अशा कारखान्यांत राज्य सरकारने भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली.

संकट कसे येते?
उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवते. साखरेचे भाव पडले तेव्हा २०१८ मध्ये केंद्राने किमान विक्री दर किलोला २९ रुपये केला, २०१९ मध्ये ३१ रुपये. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली. कर्ज काढून इथेनॉल प्रकल्प उभारणाऱ्यांचे गणित बिघडले. कारखाना अडला की शेतकऱ्याचे बिल थकते.

भूमिहीन कुठे आहेत?
ऊस उत्पादक सभासद व्हायला उसाची जमीन लागते. जमीन नाही तो मालकीबाहेर. पाथर्डी, जामखेडसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून मजूर उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून हिशेब एका ‘कोयत्या’चा.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या. १९६३ मध्ये त्यासाठी शेती महामंडळ झाले. जमीन सरकारी झाली, तरी तिच्यावर राबणारा मजूरच राहिला. नंतर जमिनी परत देण्याचा निर्णय झाला तो मूळ खंडकऱ्यांना.

बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये वेगळा मार्ग मांडला होता. शेती राज्याच्या मालकीची, भांडवल राज्याचे, आणि जातीचा भेद न करता गावकऱ्यांनी ती सामूहिकपणे कसायची. म्हणजे जमीनदारही नाही, भूमिहीन मजूरही नाही.

म्हणून सरकारने मदत करावी की नाही, एवढ्यावर आपली चर्चा थांबू नये. कारखान्याला हमी किंवा सवलत मिळते तेव्हा तोडणी मजुराची मजुरी, विमा आणि मुलांची शाळा या अटी त्या मदतीला जोडल्या आहेत का, हे कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे. सार्वजनिक पैशावर त्याचाही हक्क आहे.