प्रवाळभित्तींचे नकाशे व त्यांचें प्रामाण्य

हस्तलिखित पोथी हातीं आली म्हणजे ती कोणीं लिहिली, कोणत्या प्रतीवरून उतरली व तिचीं किती पानें गळालीं आहेत, हें आपण प्रथम पाहतों. समुद्रतळाच्या नकाशासहि हेच प्रश्न विचारले पाहिजेत. विमानांतून लेसरचा किरण टाकून उथळ समुद्राचा तळ मोजण्याची विद्या गेल्या अर्धशतकांत सिद्ध झाली. त्यामुळें जुने नकाशे आतां भिंतीवर टांगण्यापुरतेच उरले, असें कोणासहि वाटणें स्वाभाविक आहे. परंतु हें मत ग्राह्य नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जुनें साधन म्हणजे लांब दोरीस बांधलेलें शिशाचें वजन. त्याच्या बुडास चरबी लावीत. वजन तळास टेकलें कीं वाळूचे अगर शिंपल्यांचे कण तीस चिकटून वर येत. खोली वावांत मोजीत. एक वाव म्हणजे सहा फूट. इ. स. १८३६ मध्यें हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांच्या भित्तीबाहेर कप्तान फिट्झरॉय यानें अशीं मोजमापें घेतलीं. दहा वावांच्या आंत चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटत, पण ती स्वच्छच वर येई. खोली वाढे तसतसे ठसे विरळ होऊन वाळूचे कण वाढत. चरबीच्या या गोळ्यांच्या साक्षीवरून त्याचा सहप्रवासी डार्विन यानें ठरविलें कीं, पोवळ्याचे जीव वीस ते तीस वावांच्या खालीं भित्ति रचूं शकत नाहींत. इतक्या अल्प सामग्रीवरून इतका मोठा सिद्धांत क्वचितच निघाला असेल.

तथापि या साधनाचा दोष उघड आहे. एका फेकीनें तळाच्या वीतभर जागेचीच वार्ता कळते. ११ जून १७७० च्या रात्रीं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत कप्तान कुक याच्या 'एंडेव्हर' जहाजावर दोरी टाकली, तों सतरा वाव पाणी लागलें. पुढची फेक करण्यापूर्वींच जहाज भित्तीवर चढलें. सुमारें तेवीस तास तें अडकून होतें. सहा तोफा व जडशीळ सामान समुद्रांत टाकावें लागलें. पोवळ्याचा एक तुकडा तुटून भोकांत रुतून बसला होता, त्यानें पुष्कळसें पाणी अडविलें. त्या तोफा १९६९ मध्यें शोधून वर काढण्यांत आल्या.

या शास्त्राशीं मुंबईचाहि निकटचा संबंध आहे. मुंबईस ठाणें असलेल्या कंपनी सरकारच्या आरमारांतील कप्तान मोर्सबी यानें १८३४ ते १८३६ या काळांत मालदीवची मोजणी केली व पुढें चागोस बेटांची केली. डार्विनचा प्रवाळभित्तींवरील ग्रंथ १८४२ मध्यें निघाला, त्यांत मोर्सबीच्या नकाशांचा व माहितीचा भरपूर आधार घेतलेला आहे. त्याच्या हाताखालील यंग व क्रिस्टोफर या अधिकाऱ्यांनीं लिहिलेला मालदीवच्या लोकांचा वृत्तांत मुंबईच्या भूगोल मंडळाच्या नियतकालिकांत छापला गेला. आपल्यासारख्याच एका मंडळाच्या पानांत तो टिकून राहिला, याचें मला विशेष समाधान वाटतें.

आतां नव्या रीतीकडे वळूं. विमानांतून दोन किरण सोडतात. अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठावरूनच परत फिरतो. हिरवा पाण्यांत शिरून तळावरून परततो. दोहोंच्या परतण्यांतील अंतरावरून खोली निघते. एक मीटर पाण्यांतून जाऊन येण्यास प्रकाशास सुमारें नऊ अब्जांश सेकंद लागतात, इतकें हें मोजमाप सूक्ष्म. हिकमन व हॉग यांनीं या रीतीवरील निबंध १९६९ मध्यें प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियाच्या नौदलानें १९९३ च्या सुमारास तिचा नियमित उपयोग सुरू केला. जेथें जहाजास जाणें धोक्याचें, तेथें विमान निर्धास्त फिरतें, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

त्या नौदलाचा उद्देश जहाजांच्या वाटा सुरक्षित करण्याचा होता. परंतु तींच मोजमापें पुढें भूशास्त्रज्ञांनीं वाचलीं, तेव्हां मोठ्या प्रवाळभित्तीच्या उत्तर भागांत, भित्तींच्या मागें, हॅलिमेडा नांवाच्या चुनखडीयुक्त शेवाळाच्या अवशेषांचीं वर्तुळाकार उंचवट्यांचीं विशाल क्षेत्रें स्पष्ट झालीं. एकेक वर्तुळ दोनतीनशें मीटर रुंद, व एकंदर क्षेत्र ६,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. २०१६ मध्यें हें प्रसिद्ध झालें. अशा उंचवट्यांचें अस्तित्व पूर्वींच ठाऊक होतें. त्यांचा आकार व विस्तार मात्र आतां कळला. जमाखर्चाच्या कागदांतून इतिहास निघावा, तसाच हा प्रकार.

पण या किरणासहि मर्यादा आहेत. इटालियन ज्योतिषी सेकी यानें १८६५ मध्यें पांढरी तबकडी पाण्यांत सोडून ती कोठें दिसेनाशी होते हें पाहण्याची रीत घालून दिली. लेसरची पोंच त्या खोलीच्या साधारण दुप्पट-तिप्पट असते. निवळ समुद्रांत ती पन्नास मीटरांपलीकडे जाते. पावसाळ्यांत गढूळ झालेल्या कोंकणच्या खाड्यांत हा किरण जवळजवळ निरुपयोगी. भित्तीच्या कडेवर लाटा फुटून फेस होतो, तेथेंहि तो अडतो. म्हणून नव्या नकाशांतहि कोरी जागा राहते. कोरी जागा म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. पोथींतील गळालेलें पान म्हणजे न लिहिलेलें पान नव्हे, तसेंच.

शिवाय नवी प्रत म्हणून ती शुद्धच असेल, असा नियम नाहीं. १७ जानेवारी २०१३ रोजीं अमेरिकेच्या नौदलाचें 'गार्डियन' जहाज फिलिपिन्सच्या तुब्बाताहा भित्तीवर आदळलें. त्याच्या संगणकीय नकाशांत ती भित्ति सुमारें आठ सागरी मैल भलत्या ठिकाणीं दाखविली होती. चूक उपग्रहचित्राच्या उपयोगांत झाली होती. जहाज सुटेना, अखेर तेथेंच त्याचे तुकडे करून तें काढावें लागलें. जुन्या नकाशाशीं ताडून पाहणें हें केवळ आपणां संशोधकांचें वेड नव्हे, हें या एका उदाहरणावरून कळून येईल.

आधुनिक नकाशांत प्रत्येक भागास विश्वासाची श्रेणी देतात. 'ए १' ही सर्वोच्च, 'डी' ही निकृष्ट, आणि जेथें परीक्षा झालेलीच नाहीं तेथें 'यू'. आपल्या पोथ्यांच्या सूचींतहि अशी खूण असती तर किती वाद टळले असते! जुन्या नकाशांत हें काम समासांतील टीप करी. जहाजाचें नांव, मोजणाराचें नांव, वर्ष व खोलीचें परिमाण तींत दिलेलें असे. ती त्या नकाशाची पुष्पिकाच होय. ज्या सभासदांच्या संग्रहीं असे नकाशे असतील, त्यांनीं ते कापडावर चिकटवितांना समास कापूं नयेत, व सूची करतांना ती टीप अक्षरशः उतरून घ्यावी, अशी विनंति आहे.