ओतूरचं पत्र आणि शेवटची रांग

हा भाग ऐकताना कुणी कल्याण-नगर रस्त्यानं ओतूरवरून जात असाल, तर जरा खिडकीबाहेर बघा. कांद्याच्या गाड्या, हिरवं रान, कपर्दिकेश्वराकडे जाणारा रस्ता. आता हेच गाव पाण्याविना बघायचंय. तारीख २० एप्रिल १८७७.

त्या दिवशी सावित्रीबाई फुले ओतुरात होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपण त्यांना भिडेवाड्यात, १८४८ सालात अडकवून ठेवलंय. शेणाचे गोळे, जादा लुगडं, गोष्ट संपली. पण या पत्रातल्या सावित्रीबाई शेहेचाळीस वर्षांच्या आहेत, आणि समोर वर्ग नाही, दुष्काळ आहे. १८७६ साल सरलं तरी दुष्काळ हटलेला नाही, असं त्या कळवतात. नद्या-ओढे आटलेत, जनावरं पडतायत, माणसं गाव सोडतायत. आणि काही जण पोटची मुलं विकून निघून जातायत.

हे वाक्य वाचताना मी मोबाइल खाली ठेवला. जुन्नर तालुका म्हणजे आमच्यासाठी शिवनेरी, टोमॅटो आणि द्राक्षं. इथं मुलं विकली गेली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

पत्रात नुसतं रडगाणं नाही. सत्यशोधकांनी गावोगाव मदतीच्या तुकड्या केल्या होत्या. भाऊ कोंडाजी आणि उमाबाई आपली चांगली काळजी घेतात, हेही त्या लिहितात. सावकारांमुळे दंगे झाले, पन्नास सत्यशोधकांना पकडलं, तेव्हा बाई थेट कलेक्टरशी बोलल्या. माणसं सुटली आणि वर ज्वारीच्या गाड्या आल्या. टेन्शनमध्ये काम कसं करायचं यावर आमच्या ऑफिसात दर तिमाहीला सेशन असतं. तिथं हे पत्र वाचून दाखवावं असं मला फार वाटतं, पण असो.

त्याच उन्हाळ्यात सत्यशोधक समाजानं दुष्काळातल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला 'व्हिक्टोरिया बालाश्रम' काढला. त्यासाठी मे १८७७ मध्ये जोतीरावांनी मदतीचं जाहीर आवाहन केलं. बीटेकला असताना मी त्याच धनकवडीत कॉट बेसिसवर राहिलोय. मेसची पोळी कच्ची म्हणून रोज भांडायचो. त्याच ठिकाणी एकेकाळी उपाशी पोरांच्या पंगती उठत होत्या, याचा पत्ताही नव्हता.

आता पाच वर्षं पुढे जाऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी सगळ्यांना पाठ असते. मला त्यातला शिक्षकांबद्दलचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू दिलं जात नाही, म्हणून ती शाळेबाहेरच राहतात, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. तेव्हाचे बहुतेक मास्तर ब्राह्मण होते आणि सोवळ्याओवळ्यामुळे पोरांपासून लांब राहत. म्हणून शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, असं त्यांचं म्हणणं. मुलांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल, वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाही, असा माणूस हवा. त्याला नीट प्रशिक्षण द्या आणि पगार बारा रुपयांच्या खाली नको. म्हणजे मूल आणि मास्तर यांच्यातलं अंतर हा त्यांच्यासाठी धोरणाचा प्रश्न होता. नुसत्या चांगुलपणावर त्यांनी तो सोडला नाही.

आता माझं. मी आंबेगाव तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत शिकलो. तिसरीत असताना दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढ्या बसायला आल्या. वाड्यावरचा एक मुलगा काही आठवडे शाळेत यायचा. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. मी डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे आज हे मला नीट कळतं: नोंद नाही म्हणजे तो नाहीच. त्याला शेवटच्या रांगेत, पोत्यावर बसवायचे. खिचडी सगळ्यांची वाढून झाली की त्याला. गुरुजी त्याला 'मेंढरू' म्हणायचे आणि अख्खा वर्ग हसायचा.

मीही हसायचो. एकदा तर तो आत आल्यावर मीच 'बें' केलं. गुरुजी हसले, म्हणून मला भारी वाटलं. त्यानं काही केलं नाही. दप्तर नव्हतंच, पाटी काखेत मारली आणि दारातूनच मागे फिरला. परत आला नाही. वाडा उठला म्हणून की माझ्या 'बें'मुळे, ते त्यालाच माहीत.

आज कायदा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम १७ नं मुलाला मारायला बंदी घातली, आणि मानसिक छळालाही. कलम ४ म्हणतं की शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही निघालं. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. पण पोत्याऐवजी बाकावर बसवायला कायदा कशाला लागत होता, हे मला अजून समजलेलं नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा रानात पुन्हा वाडा उतरला होता. चहा घेऊन गेलो. एक म्हातारबाबा होते, त्यांना विचारलं, वीस वर्षांपूर्वी इथं बसायचे त्यांच्यातला एक मुलगा, शाळेत यायचा... ते म्हणाले, "नाव काय त्याचं?"

मला टोपणनाव तेवढं येत होतं. ते मी सांगितलं नाही.