रामशेज कोण राखतं?

नाशिकहून पेठ रस्त्याने गेलं की आशेवाडीजवळ रामशेज दिसतो. उंचीला बेताचाच. आपण सकाळी चढतो, रील काढतो आणि जेवायला घरी.

१६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने याच किल्ल्याला वेढा घातला, आणि हा गड कित्येक वर्षं लढला. लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांना चामडं मढवलं, असं मुघलांचाच इतिहासकार खाफीखान सांगतो. शेवटी गड गेला तो फितुरीने.

मला मात्र पाण्याचा प्रश्न पडतो. इतकी वर्षं टिकायचं तर पाणी हवंच. ते गडावरच्या कातळात कोरलेल्या टाक्यांत साठायचं. आज त्याच टाक्यांत गाळ आणि प्लास्टिक साचतं. नाशिकच्या शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेची मंडळी पगाराशिवाय, श्रमदानाने तो गाळ उपसतात. पावसाळ्यात माती परत वाहून येते, की पुन्हा घमेली उचलायची.

किल्लेदार फिरला तेव्हा गड गेला. आता गडाला किल्लेदार नाही, येणारेजाणारे आपणच आहोत. तेव्हा पुढच्या रविवारी जाल, तर रिकामी बाटली खाली आणा. आणि जमलं तर एक घमेलं गाळही उचला!