पैसा पात्यात की मुठीत

आपल्याकडे रोजची कापाकापी विळीवर होते, आणि विळी घर सोडत नाही. शेतात विळा, उसाला कोयता, सुपारीला अडकित्ता, असे प्रत्येक कामाचे हत्यार वेगळे आणि त्याची जागाही ठरलेली. एकच लहान पाते खिशात घालून दिवसभर हिंडायचे, त्याच पात्याने पाव कापायचा, दोर तोडायचा, फांदी छाटायची आणि संध्याकाळी त्यानेच चीजचा तुकडा काढायचा, ही सवय युरोपातल्या डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची. म्हणून चाकूवर किती पैसे घालावेत हा प्रश्नही तिथे शंभर-दोनशे वर्षांपासून खराखुरा प्रश्न आहे. आज तो बहुधा तराजूच्या भाषेत विचारला जातो: एका पारड्यात किंमत, दुसऱ्यात उपयोग. या मांडणीतच काहीतरी निसटते असे मला वाटते. चाकूवर किती पैसे गेले याच्या आधी ते चाकूच्या कोणत्या भागावर गेले हे पाहायला हवे. स्वस्त चाकूही उत्तम असू शकतो आणि महाग चाकूही कुचकामी ठरू शकतो. दोन्हींचे कारण या एकाच हिशेबात सापडते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात मिळतो. हा प्रांत 1860 मध्ये फ्रान्सला जोडला गेला, आणि 1871 मध्ये फ्रेज्यूसचा रेल्वे बोगदा सुरू झाल्यावर त्याच्या मोरियेन खोऱ्यातून इटलीकडे थेट आगगाडी जाऊ लागली. या खोऱ्यातल्या अल्बिए-ल-व्ह्यू गावाजवळ जेव्हूदाझ नावाची वाडी आहे. तिथे ओपिनेल कुटुंबाची लोहारकी होती. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीच्या सुऱ्या अशी धारेची अवजारे ते आसपासच्या शेतकऱ्यांना घडवून देत आणि त्या भागात त्यांच्या कामाला नाव होते. 1872 मध्ये जन्मलेल्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, खिशात मावणारा एक साधा घडीचा चाकू तयार केला. 1897 मध्ये त्याने त्याचे 1 ते 12 असे बारा आकार ठरवले. 1909 मध्ये मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात हे चिन्ह नोंदवले. त्यातला हात जवळच्या सें-जां-द-मोरियेन शहराच्या मानचिन्हातला आहे आणि मुकुट साव्हॉयच्या जुन्या सरदारकीचा. 1911 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात या चाकूला सुवर्णपदक मिळाले आणि पुढे कारखाना शांबेरी शहराजवळच्या कोन्यँ इथे हलला. आज फ्रान्समध्ये त्याचा 8 नंबरचा, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, चाकू साधारण दोन माणसांच्या साध्या न्याहारीच्या खर्चात येतो. 1985 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या सर्वांत सुंदर शंभर वस्तूंत त्याची गणना केली.

तो इतका स्वस्त का, याचे उत्तर त्याच्या मुठीत आहे. त्या काळच्या चांगल्या घडीच्या चाकूला पाठीत पोलादी स्प्रिंग असे. पाते उघडले की स्प्रिंग त्याच्या टाचेवर बसून ते धरून ठेवी, आणि मिटतानाही तीच त्याला आत ओढून घेई. ही स्प्रिंग, पात्याची टाच आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींशी नेमक्या बसाव्यात म्हणून कारागिराला कानस घेऊन प्रत्येक चाकू हाताने जुळवावा लागे. बाजूला शिंग, हाड किंवा हस्तिदंत बसवायचे, खिळे मारायचे, घासून चकाकी आणायची. चाकूच्या किमतीचा मोठा हिस्सा या जुळवाजुळवीत जात असे, आणि त्यातले काहीही प्रत्यक्ष कापत नव्हते. जोसेफने स्प्रिंगच काढून टाकली. बीचच्या एकसंध लाकडाला एक खाच पाडली, टोकाला धातूचे कडे चढवले, त्यातून खिळा ठोकला आणि त्यावर पाते बसवले. लाकूड, पाते, कडे, खिळा: एवढ्यावर चाकू पूर्ण. पाते जागेवर राही ते लाकडाच्या घर्षणाने. मुठीत खाच पाडण्यासाठी त्याने स्वतः यंत्र तयार केले, त्यामुळे वेळ खाणारे एक कामही झटपट होऊ लागले. पात्यात मात्र त्याने हात आखडला नाही. ते चांगल्या कार्बन पोलादाचे, पाणी देऊन कठीण केलेले आणि पातळ राहिले, आणि कापताना पातळपणाच कामाला येतो. जाड पाते चीजमध्ये पाचरीसारखे शिरून ते फोडते. पातळ पाते सरळ खाली उतरते. गरिबाच्या चाकूत धनिकाच्या चाकूइतकीच, कित्येकदा त्याहून सरस धार आली ती या काटकसरीतून.

यावर पहिला आक्षेप घेईल तो चाकू वापरणाराच. ओपिनेल भिजला की बीचचे लाकूड फुगते आणि पाते खाचेत घट्ट अडकते. कार्बन पोलादावर डाग पडतात, लिंबू किंवा सफरचंद कापून तसेच ठेवले तर ते काळवंडते, आणि ओले राहिले तर गंजते. हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यासारखेही नाही. पाते अडकल्यावर मुठीचे मागचे टोक टेबलावर किंवा दगडावर आपटून पाते मोकळे करण्याच्या युक्तीला फ्रेंचमध्ये ‘साव्हॉयकराचा ठोका’ म्हणतात, म्हणजे हा दोष त्या प्रांतात किती ओळखीचा आहे ते पाहा. पण या दोषाचा भार कुणावर पडतो? वापरणाऱ्यावर. त्याला पाते पुसावे लागते, थोडे तेल द्यावे लागते, कधी ठोका मारावा लागतो. लाकडाच्या जागी स्प्रिंग आणि धातू घातला असता तर हाच भार पहिल्याच दिवशी किमतीत धरला गेला असता. ज्याच्याकडे वेळ होता आणि रोकड कमी होती, त्या डोंगरातल्या शेतकऱ्याला पहिला सौदा परवडला, आणि त्याने तो डोळे उघडे ठेवून केला. त्याच कार्बन पोलादाची धार ओढ्यातल्या गुळगुळीत दगडावरही परत येत असे. कठीण खास पोलादाला तशी सोय नसते, त्याला खास दगड आणि हात बसलेला माणूस लागतो. पाजवण्याचा खर्च हा चाकूच्या किमतीचाच भाग आहे, आणि दुकानातल्या चिठ्ठीवर तो लिहिलेला नसतो म्हणून विकत घेताना तो विसरला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. एकाच पात्याऐवजी चार-पाच अवजारे एका मुठीत मिळाली तर उपयोग वाढणार नाही का? स्विस सैन्याच्या चाकूचा इतिहास याचे उत्तर देतो, आणि हा चाकूही 1890 च्या सुमारासचाच. स्विस सैन्याने 1889 च्या नमुन्याची नवी रायफल घेतली होती. ती सोडवायला आणि जोडायला पेचकस लागत असे, आणि शिधा डब्यातून मिळू लागला होता. म्हणून प्रत्येक सैनिकाला पाते, डबा फोडणी, पेचकस आणि टोच्या असलेला चाकू द्यायचे ठरले. देशात एवढे चाकू करण्याची क्षमता नव्हती, त्यामुळे पहिले 15,000 चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन शहरातून आले. श्विझ कँटनमधल्या ईबाख गावात 1884 पासून कार्यशाळा चालवणाऱ्या कार्ल एल्सेनरला हे पटेना. त्याने स्विस सुरीकारांना एकत्र केले आणि 1891 पासून सैन्याला माल द्यायला सुरुवात केली. झोलिंगेनचे कारखाने तोच चाकू कमी दरात देत असल्याने त्याचे सहकारी लवकरच मागे सरले आणि एल्सेनर कर्जात बुडाला. त्याला नातेवाइकांनी सावरले, आणि 1897 मध्ये त्याने दुसरे लहान पाते आणि बाटलीचे बूच काढायचा पेच असलेला हलका, देखणा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. हा चाकू सैन्याने अधिकृतपणे वाटला नाही. अधिकाऱ्यांनी तो स्वतःच्या पैशाने घेतला, आणि याच विक्रीवर पुढे त्याची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी उभी राहिली.

सैनिकाच्या आणि शेतकऱ्याच्या चाकूंतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. सैनिकाच्या चाकूतले प्रत्येक अवजार आधी ठरलेल्या कामासाठी होते: रायफलला पेचकस, शिध्याला डबा फोडणी. कामांची यादी आधी आणि अवजार नंतर. अशा यादीवर घातलेला पैसा वाया जात नाही. शिवाय तो पैसा सरकार भरत होते. शेतकऱ्याकडे अशी यादी नव्हती. त्याच्या दिवसातली बहुतेक कामे एका चांगल्या पात्याने होत होती, आणि जी होत नव्हती त्यांच्यासाठी घरी वेगळी अवजारे होती. न लागणाऱ्या प्रत्येक अवजाराने मूठ जाड होते, पाते आखूड किंवा अरुंद ठेवावे लागते आणि खिसा जड होतो. म्हणजे जास्त अवजारे म्हणजे जास्त उपयोग, ही बेरीज केवळ यादी खरी असेल तेव्हाच जमते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. स्वस्ताई कुणाच्या तरी फुप्फुसातून आणि पाठीतून वसूल होत नाही ना? फ्रान्समधल्या त्येर शहरात ड्युरोल नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या सहाणींवर धार लावणारे कामगार फळीवर पोटावर आडवे पडून, खाली फिरणाऱ्या दगडावर पाती टेकवत तासन्‌तास काम करत. ओल्या दगडाच्या पिवळ्या गाळाने त्यांचे कपडे माखत, म्हणून त्यांना ‘पिवळी पोटे’ म्हणत. गारठ्यात ऊब मिळावी म्हणून त्यांच्या पायांवर कुत्री बसवलेली असत. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ साचे, आणि त्यांतले अनेक जण तरुणपणीच मरत. हे विसरून चाकूच्या किमतीची चर्चा करणे मला योग्य वाटत नाही. पण याचा अर्थ महाग चाकू निर्दोष होता असा मुळीच नाही. हस्तिदंती मुठीच्या चाकूचे पातेही याच कामगारांच्या हाताखालून जात होते, आणि जास्तीच्या किमतीतला पैसा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचत होता. सुटे भाग कमी करून आणि लाकडाची खाच यंत्राने पाडून आलेली स्वस्ताई निदान हातांच्या झिजेवर उभी नव्हती. दगडावर धार लावण्याचे काम तिथेही राहिले, आणि ते काम सुरक्षित करणे हा किमतीपेक्षा कायद्याचा आणि कारखान्याच्या शिस्तीचा प्रश्न होता.

महाग चाकूच्या बाजूनेही बोलायला हवे. औव्हेर्न्य आणि आव्हेरों यांच्या सीमेवरच्या लागिओल गावाचा चाकू घ्या. त्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टोच्या जोडला गेला, तो गुरांचे पोट फुगले तर टोचून वायू सोडायला. पुढे या भागातले लोक पॅरिसच्या कॅफेंत कामाला जाऊ लागले, तेव्हा बुचाचा पेच आला. शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ, पाठीवर कोरलेली नक्षी, आणि वडिलांकडून मुलाकडे जाणारा चाकू. नक्षी कापत नाही हे खरे, पण जो चाकू मुलगाही वापरणार आहे त्याची स्प्रिंग चाळीस वर्षे टिकली तर तो पैसा वाया गेला असे कसे म्हणावे? फरक एवढाच की, ही किंमत टिकाऊपणाची आणि नात्याची आहे, धारेची नाही. आजच्या भुकटी-पोलादाच्या, टायटॅनियम मुठीच्या चाकूंबाबतही हेच. त्यांची धार जास्त टिकते हे मान्य, पण गंमत पाहा: महाग चाकू हरवेल म्हणून तो खिशातून ड्रॉवरमध्ये जातो. जो चाकू वापरायची भीती वाटते, त्याची धार कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग कुणालाच होत नाही.

जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या मिकी शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेला हिगोनोकामी चाकू ओपिनेलसारख्याच काटकसरीने घडला: धातूचा दुमडलेला एक पत्रा हीच मूठ, स्प्रिंग नाही, पात्याच्या मागे आलेली शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. शाळकरी मुले त्याने पेन्सिली टोकदार करत. 1960 च्या सुमारास मुलांच्या हाती चाकू नको अशी मोहीम उभी राहिली, शार्पनरही आले, आणि तो चाकू दप्तरातून गेला. त्याची किंमतही बदलली नव्हती आणि धारही. बदलली होती ती त्याच्या भोवतालची कामांची आणि कायद्याची यादी.

कायद्याने हिशेब कसा उलटतो याचे आणखी एक उदाहरण ओपिनेलचेच आहे. 1955 मध्ये ओपिनेल कुटुंबातल्या मार्सेलने फिरते कडे बसवले, उघडलेले पाते त्याने घट्ट अडते आणि चुकून बोटांवर मिटत नाही. थोड्याच खर्चात मोठी सुरक्षा. पण ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी फक्त तीन इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू जवळ ठेवता येतो, आणि पुढे तिथल्या न्यायालयाने ठरवले की अडणाऱ्या पात्याचा चाकू या सवलतीत बसत नाही. बोटे वाचवणारे कडेच तिथे अडचणीचे ठरले, आणि 8 नंबरचे पाते तर लांबीनेही सवलतीबाहेर गेले. त्या देशात रोज खिशात बाळगायचा चाकू घेणाऱ्याने न अडणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगचा लहान चाकू निवडावा, आणि तिथे कारागिराच्या कानशीवर घातलेला पैसा योग्य जागी गेलेला असतो.