हलकी विमाने, भारतातील

एका इंजिनाच्या व दोन ते चार आसनांच्या लहान विमानांत हलके व त्या मानाने जड असे दोन वर्ग सामान्यतः मानले जातात. त्यांमधील सीमारेषा निश्चित नाही. अमेरिकेत २००४ साली हलक्या क्रीडा विमानासाठी माणसे, इंधन व सामान धरून ६०० किग्रॅ. ही मर्यादा ठरविण्यात आली. २०२५ च्या सुधारित नियमांत मात्र वजनाचा निकष सोडून, ज्या वेगाखाली पंखांचे उत्थापन ढासळते तो वेग प्रमाण मानण्यात आला. वजन हे मूळ प्रश्नाचे केवळ बाह्य चिन्ह होय, हे यावरून ध्यानात येते. विमान कोणत्या कामासाठी व कोणत्या भूमीवरून उडवावयाचे, हा तो मूळ प्रश्न. भारतात तो प्रथम जुहूच्या मैदानावर उपस्थित झाला.

जुहू येथे १९२८ साली बाँबे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. त्या काळी उड्डाणसंघांतून डी हॅविलंड मॉथ हे कापडाने मढविलेले, उघड्या बैठकींचे द्विपंखी विमान प्रचलित होते. त्याच्या जिप्सी मॉथ ह्या प्रकाराचे एकूण वजन सु. ७५० किग्रॅ. होते. अस्पी इंजिनियर यांनी १९३० साली आगाखान पारितोषिक जिंकले, ते याच प्रकारच्या विमानाने. परंतु टाटांनी १९३२ साली टपाल वाहतूक सुरू केली, तेव्हा पस मॉथ हे बंदिस्त कक्षाचे, १२० अश्वशक्तीचे व सु. ९३० किग्रॅ. वजनाचे विमान निवडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, ते ह्याच विमानातून. हौशी वैमानिक वारा पडेपर्यंत थांबू शकतो. टपालास ती सवलत नसते. पावसाळ्यात मात्र जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे. तेथे विमानाच्या हलके-जडपणाचा इलाज चालत नसे.

स्वदेशी आराखड्यांत ही निवड अधिक स्पष्ट दिसते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. तिच्या आराखडा विभागाची धुरा विष्णू माधव घाटगे (१९०८–९१) यांनी वाहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे घाटगे हे गटिंगेन येथे लूटव्हिख प्रांट्ल यांचे विद्यार्थी होते. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी–२ हे विमान १९५१ साली प्रथम उडाले. हे धातूच्या बांधणीचे, मागेपुढे बैठकी असलेले, १५५ अश्वशक्तीचे विमान. भरलेले वजन सु. १,०१६ किग्रॅ. सैनिकी उमेदवारास हवाई कसरती शिकवावयाच्या, म्हणून त्याचा सांगाडा दणकट ठेवणे भाग होते आणि दणकटपणाची किंमत वजनात द्यावी लागते.

सप्टेंबर १९५८ मध्ये उडालेले पुष्पक मुख्यतः उड्डाणसंघांसाठी होते. त्याचा आराखडा सर्वस्वी नवा नव्हता. अमेरिकन एरोंका चीफ विमानाचे त्यात बरेचसे अनुसरण होते. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, कापडाचे आवरण, शेजारी-शेजारी दोन बैठकी, ९० अश्वशक्तीचे इंजिन आणि अवघे ६१२ किग्रॅ. वजन. अशी सु. दीडशे विमाने बांधण्यात आली. गरीब देशातील संघांना परवडेल असे विमान देण्याचा हा प्रयत्न त्याच्या साधेपणामुळे काहीसा उपेक्षिला गेला आहे.

विशेष हे की, या दोन्ही विमानांच्या पंखांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, म्हणजे सु. १६ चौ. मी. होते. त्यामुळे दर चौ. मी. पंखावरील भार पुष्पकात सु. ३८ किग्रॅ., तर एचटी–२ मध्ये सु. ६३ किग्रॅ. येतो. इतर गोष्टी समान धरल्यास पुष्पकास जमीन सोडण्यासाठी सु. २२ टक्के कमी वेग पुरतो.

दख्खनच्या पठारावर या फरकाला फार महत्त्व येते. बीड जिल्ह्यातील चौसाळा हे गाव ज्या बालाघाट पठारावर आहे, तशा भूमीचे उदाहरण घेऊ. सु. ६०० मी. उंचीवर वैशाखातील दुपारी तपमान ४० से. असेल, तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सु. १४ टक्क्यांनी कमी भरते. पंखांचे उत्थापन, पंख्याचा रेटा व इंजिनाची शक्ती ही तिन्ही एकदमच घटतात आणि धावपट्टी अपुरी पडू लागते. अशा वेळी कमी पंखभाराचे विमान लवकर उचलले जाते. पण त्याच दुपारी तापलेल्या काळ्या जमिनीवरून वावटळी उठतात आणि हलके विमान त्यांत पाचोळ्यासारखे हेलकावते. आडव्या वाऱ्यात ते उतरविणेही कठीण. जड विमान हे धक्के अधिक स्थिरपणे सोसते. म्हणून हलक्या विमानाची उड्डाणे सकाळी उरकून घेण्याची पद्धत पडली. मोटेच्या बैलांना ऊन चढण्यापूर्वी सोडण्यासारखाच हा व्यवहार होय.

पुढे उड्डाणसंघांत शेपटीकडे चाक असलेल्या पुष्पकाची जागा नाकाखाली चाक असलेल्या सेसना १५२ सारख्या विमानांनी घेतली. ह्याचे वजन सु. ७५७ किग्रॅ., म्हणजे जवळजवळ जुन्या जिप्सी मॉथइतकेच. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे हंस हे संमिश्र द्रव्याचे दोन आसनी विमान १९९३ साली प्रथम उडाले. त्याच्या हंस–३ या प्रकाराचे वजन ७५० किग्रॅ. असून पंखांचे क्षेत्रफळ सु. १२.५ चौ. मी. आहे. त्याचा पंखभार त्यामुळे सु. ६० किग्रॅ. येतो, म्हणजे एचटी–२ च्या जवळपास. वजनाने पुष्पकाकडे झुकलेले हे विमान वाऱ्यात मात्र घाटग्यांच्या जड विमानासारखे वागावे, अशीच ही योजना दिसते.